आमच्यात नसतं

आधी चष्मा काढायचा, पांढऱ्या साडीच्या पदराने दोन्ही काचा पुसायच्या, चष्मा पुन्हा नाकावर चढवायचा आणि मग शांतपणे म्हणायचं, "आमच्यात नसतं." सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, आणि आजही त्या आठवतात त्या अशाच.

हळदीकुंकवाला बोलावलं, आमच्यात नसतं. श्रावण पाळता का, आमच्यात नसतं. सिस्टर, आज अवस आहे, वेशीबाहेर जाऊ नका. पुन्हा चष्मा, पुन्हा पदर, आमच्यात नसतं. त्या नगरकडच्या, ख्रिस्ती घरातल्या. चाळिशी गाठलेली, लग्न केलेलं नव्हतं, डोळ्यांना नंबर मोठा आणि चाल मात्र तुरुतुरु. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्स म्हणून बदली होऊन त्या आमच्या आरोग्य उपकेंद्रात आल्या. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावडे मागे टाकलं की वैशाखरे यायच्या आत रस्ता सोडून एक वाट शिवारात शिरते, त्या वाटेवरचं ते गाव. नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथे आहेत.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे "आमच्यात" म्हटलं की विषय संपतो. कांदा न खाण्यापासून ते पोरगी न देण्यापर्यंत सगळ्याला तो एक शब्द पुरतो आणि पुढे कोणी "का" म्हणून विचारत नाही. सिस्टरना तो शब्द फार सोयीचा वाटे. त्या शब्दाने पुढे त्यांना कुठे नेऊन उभं केलं, तेच मला सांगायचं आहे.

मी तिथे आरोग्यसेवक होतो. म्हणजे घरोघर हिंडायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि विहिरींमध्ये पावडर टाकायची. खांद्याला बॅग असे म्हणून गाव मला डॉक्टर म्हणे आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. मूळचा शहापूरचा. शाळेत अंधश्रद्धेवर भाषण द्यायचं काम माझ्याकडे असे, आणि भाषण मी झकास देत असे. फक्त दिवस मावळायच्या आत खोलीवर परतत असे, आणि शर्टाच्या वरच्या खिशात आईने दिलेली अंगाऱ्याची पुडी असे, एवढंच.

उपकेंद्राच्या मागे चिंच होती. आधीच्या नर्सबाई त्या चिंचेपायी तीन महिन्यांत रजा टाकून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. सिस्टर आल्या त्या दिवशी चार जाणती माणसं त्यांना सावध करायला आली. चिंचेवर बाई बसते, नाल्याच्या वळणावर भर दुपारी कोणीतरी हाक मारतं, मागे वळून बघायचं नाही, असं सगळं सांगून झालं. सिस्टरनी चष्मा पुसला.

"आमच्यात भुतं नसतात."

माणसं मान डोलावत परतली. संध्याकाळी देवळाच्या पारावर त्याचीच चर्चा होती.

"तिच्या जातीत भूतच नाय म्हनं."

"मंग मेल्यावं काय व्हतात रं?"

"काय नाय. मरतात."

पारावर एकाने तंबाखू मळायची थांबवली. हे काहीतरी भलतंच सुखाचं आहे, असं सगळ्यांना वाटलं असावं.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. दुपारी बाराच्या सुमाराला नाल्याच्या वळणाअलीकडे दोन-चार माणसं रेंगाळलेली दिसायची. पिळदार मिशांचे बापये, खांद्यावर कोयता, आणि वाट कुणाची बघतायत, तर सिस्टरची. लसीचा थंड डबा हातात घेऊन त्या तुरुतुरु येताना दिसल्या की हे उठायचे. "सिस्टर, त्या अंगाला चाल्ल्यात ना? चला, येतो बरुबर." सिस्टर पुढे आणि हे बापये मागे, अशी वरात वळण ओलांडायची. मी त्यांना हसायचो. अर्थात, तेवढ्यासाठी मीही त्याच वरातीत असायचो.

अशाच एका दुपारी त्यांनी मला त्यांच्या पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. वादळात सापडलेल्या होडीतली माणसं होती. पाण्यावरून कोणी चालत येताना त्यांना दिसलं, आणि भूत आलं म्हणून ती किंचाळली. तो तर त्यांचाच गुरू होता. त्याने आपली ओळख सांगितली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

"बघा भाऊ," सिस्टर म्हणाल्या, "मदतीला आलेलं माणूससुद्धा घाबरलेल्याला भूतच दिसतं."

गावात एक भगत होता. अंगारे धुपारे, कौल लावणं, अंगातलं भूत उतरवणं सगळं करी, आणि गुडघे दुखले की गुपचूप सिस्टरकडे गोळ्यांना येई. दोघांचं बरं जमे. एकदा गोळ्या फडक्यात बांधता बांधता त्याने विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. तुमच्या पुस्तकात भुतं नायतच?"

सिस्टर खोटं बोलत नसत. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "आहेत."

"आँ? मंग!" भगत खूश झाला.

"आहेत, पण ती मेलेल्या माणसांची नाहीत. सैतानाची असतात. मेलेलं माणूस देवाच्या हाती असतं, तिथं ते विसाव्याला असतं. मेलेल्याला देव फिरतीवर पाठवत नाही."

फिरती म्हणजे आमचं पाड्यापाड्यांवर पायी हिंडणं. ते भगतालाही माहीत होतं. तो मनापासून हसला. "तुमचा देव बरा हाय मंग. आमचे मेले तरी रिकामे नाय बसत."

आता हिराबद्दल सांगतो. बायजाबाई म्हणून एक शेतकरीण होती, बोलायला फटकळ, हाताला दणकट. हिरा तिची सून. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तिला दिवस गेले होते. तपासायला म्हणून उपकेंद्रात यायची ती तासभर बसायची. सिस्टरना तांदळातले खडे दिसत नसत. ताटात तांदूळ पसरून त्या नाकाला ताट लावायच्या, तरी जेवताना दाताखाली खडा यायचाच. हिरा ताट ओढून घ्यायची. "तुमाला नाय दिसत. आना, मी वेचते." मग पाय पसरून बसायची आणि हसत हसत आठवड्याचे तांदूळ निवडून द्यायची. सिस्टर समोर बसून नुसत्या बघायच्या. मला वाटतं, खडे निवडण्यापेक्षा ते बघत बसणं त्यांना जास्त हवं असे.

दिवाळीला आठ दिवस होते. भातं कापणीला आली होती. मी चार दिवसांच्या रजेवर शहापूरला घरी गेलो होतो, आणि सिस्टर महिन्याच्या मीटिंगला टोकावड्याला. नेमक्या त्याच सकाळी हिराचं पोट दुखू लागलं. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, म्हणून कोणी घाई केली नाही. बायजाबाईने सुईणीला बोलावलं. सिस्टर दुपारी एसटीतून उतरल्या तेव्हा त्यांना निरोप मिळाला. त्या पोचल्या तेव्हा पोरगी झाली होती, मूठभर, पण रडत होती. हिराचं रक्त थांबत नव्हतं. सिस्टरना जे येत होतं ते त्यांनी केलं. मग बांबूला चादर बांधून डोली केली आणि चार जण तिला रस्त्याकडे घेऊन निघाले, गाडी मिळेल म्हणून. सिस्टर डोलीबरोबर धावत होत्या. नाल्याच्या वळणावर हिराने त्यांचा हात धरला. "सिस्टर, पोरीला बगा," म्हणाली, आणि तिथेच गेली.

हे सगळं मला नंतर कळलं. रजा संपवून मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो. रस्त्यावरच्या चहावाल्याने बातमी सांगितली, आणि शेवटी म्हणाला, "बाळतीन गेली. संबाळून जावा."

बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, ही समजूत तुम्हीही ऐकली असेल. तिचा जीव लेकरात अडकलेला असतो, म्हणून ती घराकडे परत येते. तिने येऊ नये म्हणून मसणवटीतून परतताना वाटेवर बारीक धान्य टाकत यायचं. आमच्याकडे नाचणी टाकतात. तिला म्हणे दाणा न् दाणा वेचल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. नाचणीचा दाणा केवढा, तुम्ही पाहिलाच आहे. वेचता वेचता उजाडतं आणि तिला मागे फिरावं लागतं. शिवाय घराच्या उंबऱ्यात एक खिळा ठोकतात. बायजाबाईने दोन्ही केलं होतं. नाल्याकाठच्या मसणवटीपासून घरापर्यंत ओटीतली नाचणी टाकत ती रडत परतली होती, असं चहावाला म्हणाला.

तिन्हीसांज झाली होती. मी वळणापाशी आलो आणि जागच्या जागी थिजलो. पुढे वाटेवर एक बाई वाकलेली होती. अंगावर पांढरं, केस पाठीवर मोकळे. ती वाटेवरून एक एक काहीतरी उचलत होती आणि पदरात टाकत होती. हळू, अगदी सावकाश, तोंड जमिनीला लागेल इतकी वाकून.

सवाष्ण गेलेली हिरा हिरव्या लुगड्यात गेली असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. घाबरलेला माणूस रंग बघत बसत नाही. मी मागे फिरलो आणि जो पळालो तो चहावाल्याच्या बाकड्यावर येऊन पडलो. रात्र तिथेच काढली. अंगाऱ्याची पुडी घामाने भिजून गेली होती.

मी एकटाच नव्हतो. गुरं घेऊन परतणाऱ्या दोन बायांनीही तिला पाहिलं होतं. सकाळी गावात शिरलो तर दारं बंद. बायजाबाईच्या दारापुढे माणसं जमली होती आणि सगळी खाली बघत होती. वाटेवर नाचणीचा एक दाणा नव्हता.

"येचली," बायजाबाई म्हणत होती. "समदी येचली गो. आता येल ती."

उपकेंद्रात सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. डोळे सुजलेले. समोर टेबलावर सुया उकळायचा स्टीलचा डबा होता आणि त्यात नाचणी.

"ती मी होते, भाऊ," त्या म्हणाल्या.

हसावं की रडावं कळेना. "अहो, पण का?"

"आदल्या दिवशीची बाळंतीण ती. तिला काय वाकायला लावतात? इतकं रक्त गेलेलं. ते दाणे बघून मला राहवेना. न्हाले होते, केस ओले होते, तशीच गेले. अंधार पडला तेव्हा हाताने चाचपून वेचले."

"पण सिस्टर, तुमच्यात तर..."

त्यांनी चष्मा काढला. पदराशी नेला आणि तसाच मांडीवर ठेवला. "नसतं. मला ठाऊक आहे. ती विसाव्याला आहे, तिला कुठं जायचं नाही, काही वेचायचं नाही. मला सगळं ठाऊक आहे भाऊ. हातांना ठाऊक नव्हतं."

पण त्या हातांनी जे केलं, त्याची किंमत भलत्याच कोणाला पडणार होती. हिराची पोरगी शेजारच्या वत्सलाच्या दुधावर होती. वत्सलाचं स्वतःचं मूल सहा महिन्यांचं, तिने आनंदाने हिच्याही तोंडात दूध दिलं होतं. नाचणी नाहीशी झाल्याचं कळलं आणि वत्सलाच्या सासूने तिला घरात कोंडलं. हडळ पोरीपाशी येणार, मग पाजणारीला सोडेल का? पोरीला घरातून काढून गोठ्यात टोपलीत ठेवलं. सिस्टर तिथे जाऊन चमच्याने दूध घालत होत्या, पण तीन आठवडे आधी जन्मलेलं ते मूल, त्याला गिळायलाही जमत नव्हतं. माझ्याकडे द्या, मी सांभाळते, म्हणून त्यांनी पदर पसरला. हिराचा नवरा खाली मान घालून एवढंच म्हणाला, "पोर घराची हाय." सिस्टरनाही कळत होतं की पोरगी जगायची तर वत्सलाच्या दुधावरच जगेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर डबा घेऊन निघाल्या. "त्या होडीतल्यांना ओळख सांगितल्यावर ते शांत झाले ना? मीही सांगते," म्हणाल्या. मी बरोबर गेलो.

बायजाबाईचं अंगण माणसांनी भरलं होतं. भगत आलेला होता. सिस्टर सरळ उंबऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कुणी येत नाही, काही नाही. परवा दिसली ती मी होते. नाचणी मी वेचली. ही बघा." आणि डबा उघडून पुढे धरला.

मला वाटलं, संपलं. आता सगळे हसतील, शिव्या देतील आणि घरी जातील.

बायजाबाई मागे सरकली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आयकलं काय? हिरा बोलतेय. तीच म्हनतेय, मी येचली."

"अहो बायजाबाई, मी सिस्टर. आमच्यात हे..."

"तेच ना!" बायजाबाई किंचाळली. "तुमच्यात भूत नसतं. जागा रिकामी. शिरली ती!"

माणसांतून हूं असा आवाज उठला. तुम्ही हसाल, मीही पुढे एकट्याने कितीदा हसलो, पण त्या अंगणात त्या बोलण्यात एक भयंकर ताळा होता. इतकी वर्षं सिस्टरनी स्वतःच सांगितलं होतं की आमच्यात कोणी नसतं. मोकळं घर बघून आलेल्या पाहुण्याने तिथेच बिऱ्हाड केलं तर नवल काय?

भगत पुढे झाला. त्याच्या गुडघ्यांना सिस्टरच्याच गोळ्यांनी उतार होता, पण आता तो कामावर होता. "कोन हायस तू? काय पायजे तुला?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी माणूस, शाळेत भाषणं देणारा. मी पुढे होऊन चार शब्द बोलायला हवे होते. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. ही लाज मी अजून वागवतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

गोठ्यातून पोरगी रडली. रडली म्हणजे काय, मांजराच्या पिलाएवढा आवाज, आणि तोही मध्येच तुटला.

"काय पायजे तुला?" भगताने पुन्हा विचारलं.

त्यांच्यात मेलेल्याच्या नावाने बोलणं हे केवढं पाप, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की सिस्टरनी डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ थोडा वेळ नुसतेच हलले. मग डोळे उघडून त्या अगदी हळू म्हणाल्या, "पोरीला घरात घ्या. तिला पाजा. मी या उंबऱ्याच्या आत पुन्हा कधी येणार नाही."

"वचन?"

"वचन."

भगताने त्यांच्या हातातला डबा काढून बायजाबाईच्या ओटीत रिकामा केला. शेजारच्या दारात अडवून उभी असलेली वत्सलाची सासू बाजूला झाली. वत्सला गोठ्याकडे धावली, टोपलीतून पोरीला उचललं आणि तिथेच भिंतीला टेकून पदराखाली घेतलं. सगळं अंगण कान लावून ऐकत होतं. बऱ्याच वेळाने पोरीच्या चोखण्याचा आवाज आला तेव्हा बायजाबाई मोठ्याने रडू लागली.

उपकेंद्रात येताच सिस्टर रांजणापाशी गेल्या. तोंडावर पाणी मारलं आणि तशाच ओल्या चेहऱ्याने मला विचारलं, "भाऊ, मी खोटं बोलले का?"

मी म्हणालो, "एक शब्दही खोटा नव्हता."

"शब्द नव्हता. पण त्यांनी कुणाचा म्हणून ऐकला, ते मला कळत होतं ना?" मग जरा वेळाने, "आता ते वचन तरी माझं असलं पाहिजे. ते मी पाळलं, तर मग ते मीच बोलले होते असं होईल."

आणि ते त्यांनी पाळलं. अकरा वर्षं.

त्या पोरीचं नाव सुनंदा ठेवलं. बारशाला सिस्टर गेल्या नाहीत. दर महिन्याला आम्ही पोरांची वजनं घ्यायला निघायचो. बायजाबाईच्या घरापाशी आलं की त्या निवडुंगाच्या कुंपणाशी थांबायच्या. मी आत जाऊन पोरीला झोळीत घालून काट्याला टांगायचो आणि तिथूनच आकडा ओरडायचो. त्या वहीत लिहून घ्यायच्या. "पुन्हा बघा भाऊ, काटा हलत होता का?" एकाही पोराचा आकडा त्या दोनदा विचारत नसत, हिचा विचारत. काम झाल्यावरही कुंपणाशी जरा वेळ उभ्या राहायच्या. एका संध्याकाळी मी आतून पाहिलं. उजेड कमी झाला होता, कुंपणापलीकडे पांढरी साडी तेवढी दिसत होती, तोंड घराकडे. माझ्या मनात आलं, जीव अडकलेला आहे आणि उंबरा ओलांडता येत नाही, भूत म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? अंगावर काटा आला. पण त्या वेळी मी पळालो नाही.

"आमच्यात नसतं" हे त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कोणी काही विचारलं की चष्मा पुसायच्या आणि पुसून झाल्यावर गप्प राहायच्या. दर महिन्याच्या एका रविवारी एसटीने कल्याणला प्रार्थनेला जात, ते मात्र चुकलं नाही. तिथे काय मागायच्या ते मी कधी विचारलं नाही.

सुनंदा पाच वर्षांची असताना तिला हिवतापाने धरलं. ताप उतरेना, पोर बडबडू लागली. मी गोळ्या घेऊन गेलो. सिस्टर कुंपणाशी. दिवसभर त्या तिथे उन्हात उभ्या होत्या आणि मी आत-बाहेर करत होतो. ओल्या फडक्याने अंग पुसा, गोळी कुटून गुळात द्या, उलटी झाली तर पुन्हा द्या. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, आत या ना! कोण काय म्हणणार आहे आता?" त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाऊल पुढे पडलं नाही. दुपार कलली तेव्हा बायजाबाई दारात आली. ती बराच वेळ सिस्टरकडे बघत उभी राहिली. आत वळताना दार तिने लावलं नाही, सताड उघडं टाकलं. कुंपणावरून थेट पोरीची गोधडी दिसेल असं. संध्याकाळी ताप उतरला.

पोरगी मोठी झाली तशी शाळेतून येताना उपकेंद्रात डोकावू लागली. पाय पसरून बसायची आणि सिस्टरचे तांदूळ निवडून द्यायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा तिने माझ्यासमोर विचारलं, "सिस्टर, तुमी आमच्या घरी कवाच का नाय येत?"

"मी येते ना," सिस्टर म्हणाल्या. "कुंपणापर्यंत."

"घरात?"

सिस्टर चष्मा पुसू लागल्या. काचा स्वच्छ होत्या.

पुढे त्यांची बदली नगरकडे झाली. त्यांनीच मागितली होती म्हणे, दृष्टी फार अधू झाली होती. एसटीत बसवायला अर्धं गाव आलं. भगतही काठी टेकत आला. बायजाबाई आली नाही. सुनंदा खिडकीखाली उभी होती. सिस्टरनी हात बाहेर काढून तिचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. अंधारात नाचणी वेचली असेल ती अशीच, असं मला वाटून गेलं.

दोन वर्षांनी, पुन्हा भातकापणीच्याच दिवसांत, उपकेंद्रात फोन आला. सिस्टर गेल्या. त्यांच्या पुतण्याने कळवलं, झोपेतच गेल्या म्हणाला.

दुपारी मी बायजाबाईच्या घरी सांगायला गेलो. म्हातारी अंगणात बसली होती, आता पुरती वाकलेली. मी सांगितलं. तिने ऐकलं. उठून आत गेली आणि कोयता घेऊन आली. मी बघत राहिलो. उंबऱ्यापाशी बसून तिने कोयत्याच्या टोकाने तो खिळा उकरायला घेतला. गंजून लाकडात रुतला होता. सुनंदा धावत आली, दोघींनी मिळून तो ओढून काढला. मग म्हातारीने केरसुणी घेतली आणि उंबऱ्यापासून झाडायला सुरुवात केली. अंगण, कुंपणाची फट, पुढची वाट. भाताचे दाणे, खडे, काटक्या, सगळं बाजूला करत ती नाल्याच्या दिशेने निघाली. कंबर धरत, थांबत, पुन्हा वाकत.

"आजी, हे काय चाललंय?"

"बोलली व्हती, येनार नाय. जितेपनीचं वचन व्हतं. आता सुटली ती."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, सिस्टरच बोलल्या ते?"

"त्या दिशी नाय. पोरीला ताप आल्ता ना, तवा कळलं. हडळ व्हती तर उनात कशाला उबी ऱ्हायल?"

"मग बोलवायचं होतं त्यांना आत."

"कशी बोलवू? तिचं वचन मोडलं असतं." ती पुन्हा झाडू लागली.

पण इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं, त्यांच्या वतीने बोलायला हवं असं मला वाटलं. त्या अंगणात एकदा बोललो नव्हतो. मी म्हणालो, "आजी, पण त्यांच्यात नसतं हो असं. मेलेलं माणूस विसाव्याला असतं. ते परत येत नाही."

म्हातारी कमरेवर हात ठेवून सरळ झाली. माझ्याकडे पाहिलं, दया आल्यासारखं.

"त्यांच्यात नसल. आमच्यात येतात."

दिवस मावळेपर्यंत ती नाल्याच्या वळणापर्यंत पोचली. सुनंदाने घराचं दार सताड उघडं ठेवलं होतं. मला परत जायचं होतं आणि वाट तीच होती. मी शेताच्या बांधावरून चालत गेलो, झाडलेल्या वाटेवर पाय न ठेवता.